चुंबकीय वादळांचा इतिहास : कुलाबा ते अलिबाग

किब्लानुमा आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आहे. कोणी हजहून येताना आणलेला, कोणी वडिलांच्या पेटीत ठेवलेला. प्रवासात नमाजाची वेळ झाली म्हणजे ती पितळी डबी उघडावयाची, काटा स्थिर होऊ द्यावयाचा, आणि मग आपल्या खानदेशातून पश्चिमेला, पण किंचित उत्तरेकडे झुकून उभे राहावयाचे. ही युक्ती जुनी आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस येमेनचा सुलतान अल्-अश्रफ याने वेधयंत्रांवर जो ग्रंथ लिहिला, त्यात चुंबकाच्या सुईने किब्ल्याची दिशा कशी काढावी हे सांगितले आहे. राजघराण्यातील माणसाने असले पुस्तक लिहावे याचे विद्यार्थ्यांनी कौतुक केले पाहिजे.

परंतु ही सुई स्थिर असते हे खरे नाही. आपल्या डोळ्यांना ती स्थिर दिसते, एवढेच. चांगल्या भिंगातून पाहिले तर ती दिवसभर हळूहळू सरकत असते, आणि कधी कधी, वर्षातून काही वेळा, ती अशी थरथरू लागते की जणू कोणी अदृश्य हात तिला हलवीत आहे. हा हात सूर्याचा आहे. ही गोष्ट समजावयास माणसाला दोनशे वर्षे लागली, आणि त्या दोनशे वर्षांतील एक फार मोठा अध्याय आपल्या महाराष्ट्रात, मुंबईच्या कुलाब्याला आणि अलिबागला लिहिला गेला. आपल्या मुलांना लंडन-पॅरिसच्या शोधांची नावे पाठ असतात. अलिबाग म्हटले की मात्र समुद्रकिनारा आणि सहल एवढेच आठवते. म्हणून हा लेखनप्रपंच.

पृथ्वी हाच एक मोठा चुंबक आहे असे इंग्लंडच्या विल्यम गिल्बर्टने इ. स. १६०० मध्ये प्रतिपादिले. १७२२ मध्ये लंडनच्या जॉर्ज ग्रॅहम या घड्याळजीला आढळले की सुई रोज ठराविक रीतीने थोडी इकडेतिकडे जाते. पुढे १७४१ मध्ये स्वीडनमध्ये सेल्सियस व ह्योर्टर यांच्या लक्षात आले की आकाशात उत्तर ध्रुवाकडील रंगीत प्रकाश दिसतो त्या रात्री सुई बेचैन असते. (हा सेल्सियस तोच, ज्याच्या नावाने आपण तापमान मोजतो.) आणि १८०६ च्या सुमारास बर्लिनमध्ये रात्र रात्र जागून सुईकडे पाहत बसलेल्या हुम्बोल्टने अशा बेचैनीला ‘चुंबकीय वादळ’ हे नाव दिले. ना वारा, ना पाऊस, ना गडगडाट. घरातला दिवा विझत नाही आणि झाडाचे पान हलत नाही. तरीही नाव वादळच पडले, आणि ते योग्यच होते असे पुढे ठरले.

असे वादळ एका ठिकाणी होते की सगळ्या पृथ्वीवर एकदम, हे कळण्यासाठी जगभर एकाच वेळी वाचने घेणे भाग होते. जर्मनीत गाउस या गणितज्ञाने त्याची पद्धत घालून दिली आणि १८३९ च्या सुमारास ब्रिटिश शास्त्रज्ञांनी आपल्या सरकारच्या मागे लागून वसाहतींत वेधशाळा काढविल्या. ईस्ट इंडिया कंपनीनेही सिमला, मद्रास, सिंगापूर व मुंबई येथे ही जबाबदारी घेतली. सिमला व सिंगापूर येथील काम चार-पाच वर्षांत बंद पडले. मुंबईचे टिकले. ते का टिकले, याचे श्रेय कोणा एकाला देता येणार नाही; पण टिकले म्हणून आज जगात त्याची किंमत आहे.

कुलाब्याची वेधशाळा मूळची १८२६ सालची. आपल्या वाचकांना काळाची ओळख पटावी म्हणून सांगतो : कॅप्टन आउट्रमने धरणगावी भिल्ल पलटण उभी केली ती १८२५ मध्ये. म्हणजे इकडे कंपनी सरकार तापीकाठी आपले बस्तान बसवीत होते, त्याच सुमारास तिकडे जहाजांना अचूक वेळ सांगण्यासाठी तारे पाहणारी ही इमारत उभी राहिली. चुंबकीय वेध १८४१ मध्ये सुरू झाले. १८४६ पासूनची वाचने अखंड आहेत.

या कामावर आरंभी एल्फिन्स्टनचे प्राध्यापक ऑर्लेबार होते, आणि त्यांच्या हाताखाली आपली मराठी माणसे होती. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांचा या वेधशाळेशी संबंध आला. त्याहून जास्त काळ तेथे राहिले ते केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरूनाना. यांचा जन्म १८२५ चा, अलिबागजवळच्या नागाव गावचा. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा शिक्षणासाठी मुंबईस येतो आणि कुलाब्याच्या वेधशाळेत नोकरीस लागतो. दहा वर्षे तेथे वेध घेतो, आकडे मांडतो, आणि त्यातूनच गणित व ज्योतिष शिकतो. मुंबई विद्यापीठ १८५७ चे. तेव्हा केरूनानांपाशी पदवी असण्याचा प्रश्नच नव्हता. पदवी नसताना ते पुढे पुण्याला गणिताचे प्राध्यापक झाले, ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा ग्रंथ त्यांनी लिहिला, आणि लोकमान्य टिळकांसारखा शिष्य त्यांच्या हाताखाली शिकला. आपल्यातील जे पालक मुलाला दहावीनंतर लगेच कामाला लावावे लागते म्हणून खंत करतात, त्यांना मी केरूनानांची हकीकत नेहमी सांगतो. मात्र एक गोष्ट लपवीत नाही : केरूनानांना नोकरी मिळाली ती अशा ठिकाणी, जिथे दर तासाला काही शिकावयास मिळत होते. अशी नोकरी आज आमच्या मुलांना मिळत नाही.

हे काम कसे चाले ते पाहू. चुंबकाची एक पट्टी रेशमाच्या धाग्याने टांगलेली. तिला एक लहान आरसा चिकटविलेला. समोर काही हातांवर एक दुर्बीण आणि मोजपट्टी. पट्टीचे प्रतिबिंब आरशात दिसे. चुंबक केसाएवढा फिरला तरी प्रतिबिंबातील आकडा बदले. निरीक्षकाने तासातासाला दुर्बिणीला डोळा लावावा, आकडा वाचावा, वहीत लिहावा. दिवसा आणि रात्रीही. श्रावणाच्या पावसात आणि वैशाखाच्या घामात. सुई गडबडू लागली तर तासाची वाट न पाहता पंधरा मिनिटांनी, पाच मिनिटांनी वाचने घ्यावयाची असा नियम होता. या वह्या छापल्या जात. त्यांच्या मुखपृष्ठावर अधीक्षकाचे नाव असे. रात्री दोन वाजता दुर्बिणीला डोळा लावणाऱ्याचे नसे.

आता १८५९ सालाकडे येऊ. सप्टेंबरची १ तारीख. इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन नावाचा हौशी ज्योतिषी सूर्याच्या डागांचे चित्र काढीत होता. सकाळी अकरा वाजून अठरा मिनिटांनी डागांच्या एका समूहावर त्याला दोन पांढरेशुभ्र ठिपके एकाएकी चमकताना दिसले. पाच मिनिटांत ते विझलेही. त्या वेळी मुंबईत दुपारचे चार वाजून गेले होते. कुलाब्याच्या निरीक्षकांना या चमकेची वार्ता असण्याचे कारण नव्हते.

सुमारे साडेसतरा तासांनी, २ सप्टेंबरला, शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमारास, कुलाब्याची सुई उसळली आणि नंतर कोसळू लागली. पृथ्वीच्या चुंबकीय बलाचा जो आडवा भाग आपल्याकडे मोजला जातो तो आज सुमारे ३८ हजार नॅनोटेस्ला भरतो. (नॅनोटेस्ला हे माप, जुने लोक त्यालाच गॅमा म्हणत.) रोजची साधी चढउतार काही दहांची असते. शंभराची घसरण झाली तर वादळ तीव्र मानतात. त्या सकाळी, दोन तासांच्या आत, घसरण झाली सोळाशेंची! निरीक्षकाने काय विचार केला असेल? यंत्र बिघडले, धागा तुटला, असेच वाटले असले पाहिजे. पण त्याने नियमाप्रमाणे वाचने जवळजवळ घेतली, आकडा दिसेल तो लिहिला, आणि वही पुढे छापखान्यात गेली. अधीक्षक त्या वेळी इंडियन नेव्हीचे लेफ्टनंट फर्ग्युसन होते.

त्याच वेळी युरोप-अमेरिकेत तारायंत्रे वेडी झाली होती. अमेरिकेत बोस्टन व पोर्टलंड यांच्यामधील तारबाबूंनी बॅटऱ्या काढून टाकल्या आणि जमिनीतून आपोआप येणाऱ्या विजेवरच बराच वेळ संदेश पाठविले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. लंडनजवळच्या क्यू येथील वेधशाळेत त्या वेळी नवे छायाचित्रण यंत्र होते, सुईची हालचाल कागदावर आपोआप उमटत असे. पण हालचाल एवढी मोठी झाली की प्रकाशाचा ठिपका कागदाबाहेर गेला. कागदावर जे उमटलेच नाही ते आज कोण सांगणार? कुलाब्याला असले नवे यंत्र तेव्हा नव्हते. ते १८७० नंतर आले. तेथे माणसाचा डोळा होता, आणि तो कागदाबाहेर जात नाही. जुनी पद्धत सरस आणि नवी निरुपयोगी असे मी म्हणत नाही. इतिहासात मात्र असे घडले.

ही वही मग दीडशे वर्षांच्या जवळपास कपाटात राहिली. २००३ मध्ये अमेरिकेचे त्सुरुतानी, ब्राझिलचे गोन्झालेझ आणि आपल्या मुंबईच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्स लखिना व श्रीमती शोभना अ‍ॅलेक्स यांनी त्या आकड्यांचा आलेख काढून लेख प्रसिद्ध केला, आणि एकोणिसाव्या शतकातील त्या घटनेचे माप जगाला मिळाले. वादळाच्या तीव्रतेसाठी त्यांनी १७६० असा आकडा अंदाजिला. यावर मतभेद झाले. दुसऱ्यांनी तासातासाची सरासरी घेऊन आकडा हजाराच्या आतबाहेर आणला. काहींचे म्हणणे असे की एका ठिकाणच्या वाचनावरून सगळ्या पृथ्वीचे माप काढू नये. तो क्षणिक खड्डा मुंबईच्या माथ्यावरील वातावरणातील प्रवाहाचाही असू शकेल. मला विचाराल तर हा आक्षेप वजनदार आहे. पण वाद घालण्यासाठी तरी कुलाब्याचाच आकडा लागतो.

आणखी एक तारीख सांगण्यासारखी आहे : ४ फेब्रुवारी १८७२. त्या रात्री मुंबईच्या आकाशात ध्रुवीय प्रकाश दिसल्याची नोंद आहे. हा प्रकाश नॉर्वे-स्वीडनचा. तो मुंबईपर्यंत यावा म्हणजे वादळ किती मोठे! मुंबई-एडन समुद्री तारेवरही त्या वेळी गडबड झाली. आपण मुंबईच्याही उत्तरेला. त्या थंडीच्या रात्री तापीकाठी हरभऱ्याच्या शेतात जागलीला बसलेल्या माणसाने उत्तरेला सातपुड्यावर तांबूस झाक पाहिली असेल, तर त्याला कुठे तरी डोंगरात वणवा लागला असेच वाटले असेल.

१८९६ मध्ये कुलाबा वेधशाळेला पहिले भारतीय संचालक लाभले. हे नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस, मुंबईचे पारशी गृहस्थ. जन्म १८५९, म्हणजे त्या महावादळाच्याच वर्षी. एडिंबरोला शिकून आलेले, एल्फिन्स्टन कॉलेजात पदार्थविज्ञान शिकविलेले. त्यांच्या वाट्याला दोन गोष्टी आल्या. एक संकट, एक खजिना.

संकट असे. मुंबईत १८७४ पासून घोड्यांच्या ट्राम चालत. १९०० च्या सुमारास त्या विजेवर चालविण्याचे ठरू लागले. शहराची सोय होणार, लोक आनंदात. पण विजेच्या ट्रामचा प्रवाह रुळांतून जमिनीत झिरपतो आणि त्याचे चुंबकत्व वेधशाळेतील सुईला हलविते. एकदा ट्राम धावू लागली की सूर्याची थरथर कोणती आणि ट्रामची कोणती हे कोणाला ओळखता आले असते? ट्राम थांबविणे शक्य नव्हते, आणि थांबवावी असे म्हणणेही योग्य झाले नसते. तेव्हा वेधशाळेने घर बदलावे असे ठरले. मुंबईपासून सरळ रेषेत तीसेक किलोमीटरवर, खाडीपलीकडे अलिबागची जागा निवडण्यात आली. लोखंडाचा अंश नसलेला पोरबंदरचा दगड आणून दुहेरी भिंतींची इमारत बांधली, बिजागऱ्या-खिळेसुद्धा तांब्या-पितळेचे. केरूनानांचे नागाव तेथून हाकेच्या अंतरावर आहे, हा योगायोग.

खरी शहाणपणाची गोष्ट याच्या पुढची. मूस यांनी कुलाबा एकदम बंद केले नाही. १९०४ पासून १९०६ पर्यंत दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी वाचने घेतली. नवी जागा जुन्या जागेहून किती वेगळा आकडा दाखविते हे त्यामुळे नक्की कळले, आणि १८४६ पासूनची साखळी तुटली नाही. ज्यांनी दुकानाची जुनी वही बंद करून नवी उघडली आहे त्यांना ‘मागील बाकी’ बिनचूक ओढण्याचे महत्त्व सांगावयास नको. विजेची ट्राम मुंबईत ७ मे १९०७ रोजी धावली आणि ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची थांबली. अलिबागची वाचने आजही चालू आहेत. ज्या सोयीसाठी वेधशाळेला हलावे लागले ती सोय गेली, वेधशाळा राहिली.

खजिना म्हणजे त्या साठ वर्षांच्या वह्या. १८४६ ते १९०५ पर्यंतचे सगळे आकडे मूस यांनी तपासले, मांडले, आणि १९१० मध्ये दोन जाड खंडांत त्यांच्या चर्चेसह प्रसिद्ध केले. त्या काळी गणकयंत्र नव्हते. प्रत्येक सरासरी कारकुनांनी हाताने काढलेली. पुष्कळ वादळांचे आकडे एकाखाली एक मांडून त्यांची सरासरी काढली म्हणजे एकेका वादळाचा लहरीपणा गळून जातो आणि सर्वांचा समान स्वभाव उरतो. हे काम पुढे इंग्लंडच्या सिडनी चॅपमन यांनी सिद्धान्तापर्यंत नेले.

तो स्वभाव असा. प्रथम बल एकदम थोडे वाढते. यास आकस्मिक आरंभ म्हणतात. सूर्याकडून आलेला लोंढा पृथ्वीच्या चुंबकीय कवचावर आदळून ते दाबतो, म्हणून ही वाढ. काही वेळाने बल घसरू लागते; काही तासांची ही मुख्य अवस्था. मग एकदोन दिवस ते सावकाश पूर्ववत होते. काही वादळांना आकस्मिक आरंभ नसतोच, ती दबकत येतात, आणि पुष्कळदा सत्तावीस दिवसांनी पुन्हा येतात. कारण सूर्य पृथ्वीवरून पाहता सत्तावीस दिवसांत स्वतःभोवती फिरतो आणि त्याची तीच बाजू पुन्हा आपल्यासमोर येते. इंग्लंडच्या माँडरने हे १९०४ मध्ये दाखविले. तेव्हा वादळांचे दोन कुळे झाली : स्फोटातून एकदाच येणारी आणि फेऱ्याने येणारी.

पण तीव्रता कशी ठरवावी? १९०६ पासून प्रत्येक वेधशाळेने दिवसाला शून्य, एक किंवा दोन असा शेरा द्यावा असे ठरले : शांत, मध्यम, अशांत. शाळेतल्या वर्तणुकीच्या शेऱ्यासारखेच, आणि तितकेच मास्तरांच्या मर्जीवर! जर्मनीच्या बार्टेल्स यांनी १९३८-३९ च्या सुमारास तीन तासांचा शून्य ते नऊ असा निर्देशांक काढला, आणि पुढे अनेक वेधशाळा मिळून त्याचे जागतिक रूप केले. १९६४ मध्ये सुगिउरा यांनी विषुववृत्तापासून फार दूर नसलेल्या ठिकाणांच्या घसरणीची सरासरी घेऊन तासातासाचा वेगळा निर्देशांक सिद्ध केला. मूस-चॅपमन यांच्या सरासरीचाच तो वंशज. त्यावर आज पन्नासाच्या पुढे मध्यम, शंभराच्या पुढे तीव्र असे म्हणतात. बातम्यांत जे पाच श्रेणींचे प्रमाण येते ते बार्टेल्सच्या निर्देशांकाचे.

घसरण का होते याचे उत्तर उपग्रह उडू लागल्यावर मिळाले. सूर्यातून विद्युतभारित कणांचा वारा सतत वाहतो, हे १९५८ मध्ये पार्करने गणिताने सांगितले. या वाऱ्याबरोबर येणाऱ्या चुंबकीय रेषा दक्षिणेकडे वळलेल्या असतील तर पृथ्वीच्या रेषांशी त्यांचा जोड लागतो आणि दार उघडते, हे १९६१ मध्ये डंगीने. आत शिरलेले कण पृथ्वीभोवती हजारो किलोमीटर दूर कड्यासारखे फिरू लागतात. त्यांचा प्रवाह पश्चिमेकडे असतो आणि त्याचे चुंबकत्व पृथ्वीच्या उलट. म्हणून अलिबागचा आकडा खाली येतो.

१९७५ मध्ये बर्टन, मॅकफेरॉन व रसेल यांनी याचे एक सोपे गणित बसविले. विद्यार्थ्यांनी मळ्यातला गळका हौद डोळ्यांपुढे आणावा. वरून मोटेचे पाणी पडते, खालून फटीतून गळते. पाणी जितके उंच तितके जास्त गळते. मोट म्हणजे सूर्यवारा : त्याचा वेग आणि दक्षिणेकडे वळलेले चुंबकत्व यांचा गुणाकार. पाण्याची उंची म्हणजे वादळाची तीव्रता. मोट थांबली की हौद हळूहळू रिकामा होतो, तीच पूर्वावस्था. एवढ्या गणिताने सामान्य वादळ बऱ्यापैकी वर्तविता येते. हल्ली संगणकाला शेकडो जुनी वादळे दाखवून त्यालाच नव्याचा वर्ग ओळखावयास शिकवितात. पण १८५९ सारखे वादळ उपग्रहांच्या काळात एकही झालेले नाही. जे पाहिलेच नाही ते संगणक कसा ओळखील? म्हणून कुलाब्याची ती पाने अजून उलटावी लागतात.

याची काळजी कशाला, असे पालक विचारतील. किब्लानुमाला धोका नाही. तीव्र वादळातही आपल्याकडे काटा अंशाच्या लहानशा भागानेच ढळतो. पण १३ मार्च १९८९ रोजी कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात जमिनीतून आलेल्या प्रवाहाने दीड मिनिटात विजेचे जाळे कोसळले आणि साठ लाख लोक सुमारे नऊ तास थंडीत अंधारात बसले. त्या दिवशी घसरण ५८९ होती. उलट फेब्रुवारी २०२२ मध्ये अगदी साध्या वर्गातले वादळ झाले, सत्तरीपर्यंतही न पोचलेले. त्याने वरचे विरळ वातावरण तापून फुगले आणि एका अमेरिकन कंपनीने नुकतेच सोडलेले चाळीसच्या आसपास लहान उपग्रह खाली ओढले जाऊन नष्ट झाले. वर्ग लहान, नुकसान मोठे. सुईवरून लावलेला वर्ग सुईचाच असतो, हे वर्ग लावणाऱ्यांनी विसरू नये. चांगलेही काही आहे. वादळात जमिनीखाली प्रवाह कसे वाहतात ते मोजून खालचे खडक ओळखता येतात. भूचुंबकत्व संस्थेच्या लोकांनी मध्य भारतात यंत्रांच्या रांगा मांडल्या, तेव्हा आपल्या सातपुड्याच्या पट्ट्याखाली वीज चांगली वाहून नेणारे थर असल्याचे दिसून आले.

ही संस्था १९७१ मध्ये कुलाब्याच्या परंपरेतूनच स्वतंत्र झाली. तिचे मुख्य ठाणे आता नवीन पनवेलला आहे, आणि आपला नागपूरही तिच्या वेधशाळांपैकी एक आहे. २ सप्टेंबर २०२३ रोजी, कॅरिंग्टनच्या वादळाच्या बरोबर १६४ व्या वर्षदिनी, भारताचे आदित्य-एल १ यान सुटले. ६ जानेवारी २०२४ रोजी ते पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवरील आपल्या जागी पोचले. त्यावर चुंबकमापक आहे. दक्षिणेकडे वळलेल्या रेषा आधी त्याला लागतात, आपल्याला त्यानंतर तासाभराच्या आत.

शेवटी आमच्या स्वतःच्या प्रयोगाची हकीकत सांगतो. लोणच्याच्या मोठ्या काचेच्या बरणीत आम्ही चुंबकाची पट्टी रेशमी धाग्याने टांगली, तिला आरशाचा तुकडा चिकटविला, आणि प्रकाशाचा ठिपका समोरच्या भिंतीवर पाडला. विद्यार्थी व विद्यार्थिनी पाळीपाळीने वाचने घेत. पहिल्याच दिवशी ठिपका तीन बोटे सरकला. मुले ओरडली, वादळ आले, वादळ आले! खिडकीतून पाहिले तर कापसाची गाडी भिंतीला लागून उभी होती. गाडी गेली, ठिपका जागेवर आला. मूस साहेबांची ट्रामची अडचण मुलांना त्या दिवशी जशी कळली तशी माझ्या कोणत्याही व्याख्यानाने कळली नसती. एका मुलीने नंतर वहीत ‘गाडी’ असा निराळा रकाना आखला; तो आम्ही कायम ठेवला आहे.

शुक्रवार, १० मे २०२४ रोजी रात्री साडेदहाच्या सुमारास गेल्या वीस वर्षांतील सर्वांत मोठे वादळ पृथ्वीवर आले. पाच श्रेणींपैकी पाचवी, घसरण चारशेच्या वर. लडाखमध्ये हान्ले येथे आकाश तांबडे झाले आणि त्याची छायाचित्रे घेण्यात आली. अलिबागची यंत्रे अर्थातच चालू होती. आमची बरणी उन्हाळ्याच्या सुटीमुळे कपाटात होती आणि किल्ली माझ्याच खिशात.